पोरांच्या पायाखालचं टेन्साइल: तोक्यो ते साप्पोरो

पहिला दिवस, तोक्यो

पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. लेकीचा मामा म्हणत होता आज नुसतं झोपूया ताई, पण तोक्यो डोममधल्या बेसबॉल मॅचची तिकिटं त्यानेच आधी काढून ठेवली होती, त्यामुळे बिचाऱ्याला बोलायला जागा उरली नाही. बेसबॉल आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. मला छत बघायचं होतं.

माझं काम टेन्साइलचं. म्हणजे पार्किंगवर, ओपन थिएटरवर, शाळांच्या पटांगणावर ती पांढरी ताणलेली छपरं असतात ना, ती डिझाइन करायची. हे करताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसते की कापड म्हणजे वर, चार-पाच मीटरवर, कुणाचा हात पोचणार नाही असं, आणि क्लायंटचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम पोरं लोंबकळणार नाहीत ना? जपानात काही लोकांनी गेली चाळीसएक वर्षं बरोबर उलटं केलंय, पोरांनी लोंबकळावं म्हणूनच जाळी आणि कापड ताणलंय. ते बघायला ही सगळी धावपळ.

तोक्यो डोम १९८८ चा. एवढ्या मोठ्या छताखाली मधे एकही खांब नाही. काचेच्या धाग्यांचं, टेफ्लॉन कोटिंगवालं दोन थरांचं कापड, त्यावर २८ केबल, आणि हे सगळं चक्क हवेवर. आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा ०.३ टक्के जास्त, बस. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण १० टन, त्याचे ०.३ टक्के म्हणजे ३० किलो झाले, आणि छताचं वजन दर चौरस मीटरला त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून ते वर राहतं. आत जायला फिरते दरवाजे आहेत, नाहीतर हवा निघून जाईल. मॅच संपल्यावर बाहेर पडताना साधे दरवाजे उघडले आणि मागून असा जोराचा वारा आला की आम्ही अक्षरशः ढकलले गेलो. लेकीला अख्ख्या मॅचपेक्षा हे आवडलं, परत आत जाऊन परत बाहेर येऊया म्हणाली. बरोबरच आहे तिचं, तीन तास छताकडे बघून जे कळलं नाही ते दारात एका सेकंदात पाठीला कळलं.

दुसरा दिवस, ताचिकावा

शोवा किनेन पार्क. निशी-ताचिकावा स्टेशनवर उतरलं की समोरच गेट. पूर्वी इथे विमानतळ होता, १९८३ मधे पार्क झालं, आणि विमानतळाची जागा म्हणजे चालून चालून पाय मोडतात. मुलांचा भाग, कोदोमो नो मोरी, पार उत्तरेला. सकाळी रिमझिम होती, लेक छत्री घेऊन तोंड पाडून चालत होती, आणि पोचलो तर जे बघायला आलो तेच बंद. ढगांचा समुद्र असं नाव असलेली, हवा भरून फुगवलेल्या कापडाची पांढरी टेकाडं पावसात चालू ठेवत नाहीत, ओलं झालं की पाय सटकतो. कापड जमिनीवर सुरकुतून पडलं होतं.

खरं सांगायचं तर मी मनात खुश झाले, कारण असा फुगलेला डोम, ज्याला इथे फुवाफुवा डोम म्हणतात, फोटोत खूप वेळा बघितलाय, पडलेला कधीच नाही. पडलेला असताना त्याची सगळी हुशारी दिसते. कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर दोन बोटं चढवून वेल्डिंग केलेल्या, शिवण नाही. कडा जमिनीत नेऊन पक्क्या केलेल्या, वर काही दिसत नाही. खुंटी नाही, दोरी नाही, अडखळायला काही नाही. पट्ट्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या कापल्या आहेत, म्हणजे गोलाई कापतानाच कापडात घातलेली असते, हवा फक्त ती बाहेर काढते. हे कटिंग पॅटर्नचं काम किती डोकेखाऊ असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

दुपारी ऊन पडलं. दोघं कर्मचारी आले, कापड पुसलं, कुठेतरी ब्लोअर सुरू झाला. आधी काहीच नाही, मग मधे एक फुगवटा आला, सुरकुत्या कडेकडे पळायला लागल्या, एक टेकाड उभं राहिलं, शेजारचं अजून लोळतंय, आणि काठावर तोवर वीस-पंचवीस पोरं बूट काढून रांगेत तयार. शिट्टी नाही काही नाही, पण सगळ्यांना बरोबर कळलं आता जायचं.

हे जत्रेतल्या किंवा वाढदिवसाच्या बाउन्सी कॅसलसारखं अजिबात नाही. तिथे भिंती असतात, आत एक तोंड, बाहेर एक तोंड, आणि ते जमिनीला फक्त खुंट्यांनी बांधलेलं असतं. वारा सुटला आणि बांधणी कमी पडली तर काय होतं ते २००६ मधे इंग्लंडमधे दिसलं, चेस्टर-ल-स्ट्रीटला लोकांनी आत फिरायचं एक हवेवरचं आर्टवर्क वाऱ्याने उचललं आणि दोन बायकांचा जीव गेला. इथे कापड जमिनीतूनच उगवल्यासारखं आहे, वाऱ्याला खाली शिरायला फटच नाही, आणि कडेला उतार इतका सावकाश की पडलेलं पोर घरंगळत खाली येतं आणि गवतावर थांबतं.

मी काठाशी बसून तळहात कापडावर ठेवला. वर पन्नासेक पोरं उड्या मारत होती आणि ते सगळं हाताला लागत होतं. एक जाडसर मुलगा टेकाडाच्या माथ्यावर आपटला की तिथे खळगा पडतो, हवा दुसरीकडे सरकते, आणि चार फुटांवर उभी असलेली चिमुरडी काही न करता वर उडते. पहिल्यांदा ती दचकली, दुसऱ्यांदा हसली, तिसऱ्यांदा त्याच्याकडे बघून वाट बघायला लागली. दोघांची ओळखदेख काही नाही, बोलणं नाही, पण खेळ सुरू. नेहमीच्या घसरगुंडीवर हे होत नाही, तिथे पुढचा उतरेपर्यंत मागच्याने थांबायचं, म्हणजे दुसरं पोर हा कायम अडथळाच. आमच्या धंद्यात लोड म्हणजे ज्याच्यापासून स्ट्रक्चर वाचवायचं ते: वारा, बर्फ, पाणी साचणं. इथे पोरं हाच लोड आणि ते नसतील तर स्ट्रक्चरला काही अर्थच नाही.

(कापडाबद्दल एक. तोक्यो डोमचं काचेच्या धाग्याचं कापड इथे चालणार नाही. ते ऊन-पावसात वर्षानुवर्षं टिकतं पण घडी पडली की धागा मोडतो, आणि पोरं म्हणजे दर सेकंदाला घडी. रोज फुगणाऱ्या आणि पडणाऱ्या गोष्टीला पॉलिएस्टरवर पीव्हीसी असंच काहीतरी लवचिक लागतं.)

या मुलांच्या भागाचं डिझाइन फुमिआकी ताकानो या लँडस्केप आर्किटेक्टच्या टीमचं. शेजारीच रंगीत जाळ्यांचे हॅमॉक आहेत आणि पुढे झाडीत धुक्याचं जंगल, धुक्याच्याच कलाकृती करणाऱ्या फुजिको नाकाया यांचं, १९९२ चं. बारीक नोझलमधून ठराविक वेळाने धुकं येतं आणि समोरची पोरं गायब. नुसते आवाज. लेक दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला हे खरं, पण ती धुक्यातून "आई मी इथे नाहीये" असं ओरडत होती त्यामुळे पत्ता लागला. कापड नाही, जाळी नाही, तरी मी याला पण मेम्ब्रेनच्याच, म्हणजे ताणलेल्या पातळ पडद्याच्याच घरातलं मानते, भिंत आहे पण आरपार जाता येतं.

तिसरा दिवस, हाकोने

हाकोनेची डोंगरातली रेल्वे मधेच थांबते, ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि गाडी उलटी वर चढायला लागते. मामाने याचाच व्हिडिओ काढला, पुढे जे बघितलं त्याचा एकही काढला नाही, असो. चोकोकु-नो-मोरी स्टेशनजवळ ओपन एअर म्युझियम, १९६९ चं. हेन्री मूर वगैरे शिल्पकारांची बरीच मोठी नावं हिरवळीवर पसरली आहेत, आम्ही त्यांना लांबूनच नमस्कार करून जाळीकडे गेलो.

जाळीचं जंगल म्हणजे बाहेरून लाकडी ओंडक्यांचा उलटा ठेवलेला ढिगारा. २००९ मधे तेझुका आर्किटेक्ट्सनी केलेलं हे पॅव्हिलियन, जवळपास सहाशे लाकडी तुकडे एकमेकांत अडकवलेले, धातूचा एक खिळा नाही, जुन्या देवळांच्या लाकूडकामाच्या पद्धतीने जोड केलेले. फटींतून ऊन आत येतं. आणि आत मधोमध तोशिको होरिउची मॅकअॅडम यांनी हाताने क्रोशा करून विणलेली जाळी टांगलीये. लाल, पिवळी, हिरवी, जांभळी, मोठमोठ्या पिशव्या, पिशव्यांना भोकं, भोकांतून दुसरी पिशवी, खाली लोंबणारे गोळे.

या बाई मुळात टेक्स्टाइल आर्टिस्ट. त्यांचा किस्सा या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. सत्तरच्या दशकात एका गॅलरीत त्यांचं विणलेलं हॅमॉकसारखं काम लावलेलं होतं, दोन मुलं आली आणि आत जाऊ का विचारलं. त्या घाबरतच हो म्हणाल्या, मुलं आत शिरली आणि काम जिवंत झालं. त्यानंतर त्यांनी भिंतीवर टांगायचं काम जवळपास सोडलंच. १९७९ मधे ओकिनावाच्या पार्कमधे पहिली मोठी खेळायची जाळी केली, तिथेही ताकानो होतेच.

नियम असा की आत फक्त प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतची मुलं. मोठ्यांनी खाली लाकडी बाकांवर बसायचं आणि वर बघायचं. सुरुवातीला मला राग आला, एवढ्या लांबून आले आणि हात लावू देत नाहीत म्हणजे काय. मग बसले आणि बघत राहिले तर लक्षात आलं की जागा मुद्दामच अशी केलीये, आईबाप जवळ आहेत पण त्यांचा हात पोचत नाही. "सावकाश", "तिकडे नको", "खाली बघ" हे सगळं बोलून उपयोग नाही कारण वर कुणी ऐकत नाही. माझ्या शेजारच्या आजी तर निवांत डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा नातू त्यांच्या डोक्यावर उलटा लटकत होता.

लेक आत गेली आणि पाच मिनिटं एकाच ठिकाणी पालथी पडून राहिली. जाळीला सपाट जमीन नाही ना, पाय टाकला की तिथेच फनेल होतं, आणि शेजारून कुणी गेलं की तुमचा उतारच बदलतो. चालायला शिकलेलं पोर परत रांगायला लागतं. मग तिला कळलं की गाठींवर पाय ठेवला तर कमी बुडतो. जाळीची गाठ खालून जवळून दिसत होती, बोटाएवढी जाड नायलॉनची दोरी, एकातून एक काढलेले फास, रंग बदलतो तिथे दोन दोऱ्यांचं जाडजूड गाठोडं. क्रोशाच्या जाळीत फास थोडे सरकतात, त्यामुळे ताण एका धाग्यावर न अडकता आजूबाजूला वाटला जातो, आणि म्हणूनच ती कापडापेक्षा जास्त खोल जाते आणि कमी उसळते. ढगांच्या समुद्रावर पोरं ओरडत होती, इथे बऱ्यापैकी शांत होती, लोळत होती, पिशवीत लपून बसत होती. त्याच मुलीला दोन दिवसांत दोन वेगळ्या वस्तूंनी दोन वेगळे खेळ सुचवले, बोर्ड कुठेच नव्हता.

आणि एक बघितलं, कुठून चढायचं आणि कुठून उतरायचं याचा ठरलेला रस्ता नाही. लेकीने एक भोक शोधलं, त्यातून खाली येता येईल असं तिला वाटलं, अर्धी आली, अडकली, पाय हवेत, खाली मी आणि मामा तोंड वर करून. एका जपानी मुलाने वरून तिच्या हाताला धरून परत ओढलं आणि दुसरं भोक दाखवलं. भाषा शून्य. असल्या जागा काढताना मॉडेलसुद्धा आधी बारीक दोऱ्याने क्रोशा करूनच करतात, आणि मग इंजिनिअर त्याचं गणित मांडतो. कॉम्प्युटरवर सुंदर सरफेस काढून तो विणायला देणाऱ्या आमच्यासारख्यांनी यातून काहीतरी घ्यावं.

चौथा दिवस, ओसाका

ओदावाराहून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन पकडून ओसाका, मग मोनोरेलने बानपाकु किनेन कोएन. म्हणजे १९७० च्या वर्ल्ड एक्स्पोची जागा. तारो ओकामोतो या कलाकाराचा सूर्याचा टॉवर अजून उभा आहे, फोटोपेक्षा फारच दांडगा, आणि लेक त्याला सरळ घाबरली. बाकीची बहुतेक पॅव्हिलियन गेली. आर्किटेक्ट केन्झो तांगेंच्या प्रचंड छपराचा एक तुकडा तेवढा जमिनीवर ठेवलाय. ते छप्पर स्टीलच्या स्पेस फ्रेमचं, म्हणजे नळ्यांच्या जाळीदार सांगाड्याचं होतं आणि वर पारदर्शक प्लास्टिकच्या हवा भरलेल्या उशा होत्या, ५० हून जास्त वर्षांपूर्वी!

मी त्या हिरवळीवर जुना नकाशा घेऊन वेड्यासारखी फिरत होते. इथे कुठेतरी अमेरिकेचं पॅव्हिलियन होतं, इंजिनिअर डेव्हिड गायगरने केबल आणि हवेवर पेललेलं चपटं अंडाकृती छत, सुमारे १४० मीटर लांब. पहिल्या दिवशी बघितलेला तोक्यो डोम याचाच वंशज. पलीकडे फुजी ग्रुपचं, युताका मुराता आर्किटेक्ट आणि मामोरू कावागुची इंजिनिअर. १६ हवेच्या नळ्या, प्रत्येक ४ मीटर जाड, सगळ्या सारख्याच लांबीच्या, आणि त्यांचे पाय ५० मीटरच्या वर्तुळावर. आता विचार करा, नळी तेवढीच पण वर्तुळाच्या टोकाला पायांतलं अंतर कमी होत जातं, म्हणजे मधली कमान अर्धगोल आणि टोकाच्या कमानी आपोआप उंच होऊन बाहेर झुकतात. आकार कुणी काढलाच नाही, तो एका नियमातून आला. असलं काही बघितलं की मला दिवसभर बरं वाटतं.

आणि पेप्सीचं पॅव्हिलियन, त्यात आत आरशासारख्या मायलर या प्लास्टिक फिल्मचा २७ मीटरचा घुमट होता, तो हवा भरून नाही तर मागची हवा ओढून घेऊन ताणलेला, आत उभं राहिलं की आपलंच उलटं प्रतिबिंब डोक्यावर तरंगायचं. आणि त्या इमारतीच्या बाहेर धुकं. ते धुकं नाकाया यांचं पहिलं! ताचिकावात लेक ज्या धुक्यात हरवली त्याची सुरुवात या मैदानात झाली हे मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, पण इथे आता काय बघायचं ते सांग."

त्याचं काही चुकलं नाही. १९७० च्या आसपास हवा आणि प्लास्टिक म्हणजे खेळ होता, व्हिएन्नात हाउस-रुकर-को या आर्किटेक्टांच्या ग्रुपने त्याच वर्षी म्युझियममधे एक भलीमोठी हवेची गादी आणि तीन महाकाय चेंडू ठेवून लोकांना सोडलं होतं. पण पुढे मोठे पैसे आले आणि मेम्ब्रेन स्टेडियमच्या छपरावर जाऊन बसलं, जिथे ते बर्फाने फाटायलाही लागलं, अमेरिकेत मिनिआपोलिसच्या स्टेडियमचं २०१० मधलं तर सगळ्या जगाने व्हिडिओवर बघितलं. खेळाकडे परत कोण आणणार तर एक विणणारी बाई आणि एक बागा करणारा माणूस. आर्किटेक्ट नंतर आले.

पाचवा दिवस

विमानात गेला. साप्पोरोत उतरल्यावर मोएरेनुमा पार्कला धावती भेट, शिल्पकार इसामु नोगुचीचं, त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी २००५ मधे पूर्ण झालेलं. आधी इथे कचरा टाकायचे, त्यावर डोंगर. चढलो, उतरलो. भव्य आहे, सुंदर आहे, पण हलत नाही, आणि या ट्रिपमधे न हलणाऱ्या गोष्टींवर माझा जीव बसेना.

सहावा दिवस, ताकिनो

माकोमानाई या शेवटच्या मेट्रो स्टेशनवरून बस, मग ताकिनो सुझुरान हिलसाइड पार्क. इथल्या कोदोमो नो तानी भागात जमिनीखाली मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे आहेत, फुगलेली पांढरी अंडी आहेत, आणि एका घुमटाखाली होरिउची मॅकअॅडम यांची २००० सालची इंद्रधनुष्याची जाळी. माझ्या मते हाकोनेपेक्षा ही जास्त चांगली. म्हणजे हाकोनेचं लाकूड बघण्यासारखं आहेच, पण ते स्वतःकडे खूप लक्ष वेधून घेतं. इथलं छप्पर गप्प आहे, बर्फाच्या प्रदेशात जाळीला पाऊसवाऱ्यापासून वाचवायचं एवढंच काम ते करतं, आणि मग आत नुसता रंग आणि ताण. जाळी थरांवर थर आहे, खालून शिरून वर जायचं, आणि वरच्या थरातल्या पोरांचा भार खालच्या थराला जाणवतो. इंजिनिअर नोरिहिदे इमागावा, ज्यांनी या हाताच्या विणकामाचं गणित मांडलं, त्यांना माझा साष्टांग नमस्कार, कारण अशा जाळीत भार कुठे येईल हे ठरलेलंच नसतं, तीसही पोरं एका कोपऱ्यात जमली तरी ते धरून चालावं लागतं. आणि पोरं जमतातच.

लेक आता सराईत झाली होती. गाठींवर पाय, कुणी जवळून गेलं की गुडघे ढिले, पडायचंच असेल तर कडेला पडायचं जिथे जाळी जास्त ताणलेली असते आणि उसळी मिळते. "आई, मधे मऊ आहे आणि बाजूला कडक आहे." पॅराबोलिक सरफेसवरचं स्ट्रेस डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे खोलगट पृष्ठभागावर ताण कुठे किती, हे मला कॉलेजात एक पूर्ण सेमिस्टर घेऊनही एवढ्या पटकन कळलं नव्हतं, तिने ते तळपायाने वाचलं.

बाहेरच्या पांढऱ्या अंड्यांवर मग दीड तास. मी टेप घेऊन काठाचा उतार मोजत होते, एक आजोबा माझ्याकडे संशयाने बघत होते, त्यांना वहीतलं स्केच दाखवलं तर त्यांनी माझी पेन्सिल घेऊन त्यात दोन छोटी माणसं काढून दिली, उडणारी. परत आल्यावर एका शाळेचं काम टेबलवर पडलंय, नेहमीचं चार खांबी छत, त्याची एक कड मी आता जमिनीपर्यंत खाली आणून तिथे जाळी लावायचा घाट घालणार आहे. त्या कडेला दोन मुलं प्रति मीटर असा लोड धरला तर फाउंडेशन साधारण दुप्पट होतंय, बसमधे बसल्या बसल्या आकडे मांडले. शाळा काय म्हणेल ते बघू, प्रश्न मला पाठच आहे.

मोठ्यांसाठी असलं काही का नाही यावर परतीच्या बसमधे मामाशी वाद झाला. तर आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला के २१ म्युझियममधे टोमास सारासेनो या कलाकाराने २०१३ मधे काचेच्या छताखाली, जमिनीपासून २५ मीटरहून जास्त उंचीवर, २५०० चौरस मीटर स्टीलची जाळी तीन थरांत ताणली, मधे हवा भरलेले मोठाले गोळे, आणि त्यावर मोठ्या माणसांनी चालायचं, खाली आरपार दिसतं. मी फोटो दाखवून पुढच्या वेळी तिकडे जाऊया म्हटलं. लेक लगेच तयार. मामाने फोटो नीट झूम करून बघितला आणि म्हणाला, "तुम्ही दोघी वर जा, खाली कुणीतरी पिशव्या सांभाळायला नको का."